माझो नंबर कितक्या वेळान लागतलो? एका कोकणी स्थानकावरच्या पॉड प्रस्तावाचं प्रकरण

दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी निवृत्त स्टेशन मास्तर. नगरपंचायतीने नेमलेल्या सात जणांच्या समितीत होतो, म्हणून सगळं जवळून पाहता आलं. निर्णय घेताना आमचं काय बरोबर आलं आणि काय चुकलं, हे दुसऱ्या गावांच्या कामी यावं यासाठी लिहितो आहे.

पार्श्वभूमी

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग डोंगराच्या कुशीतून जातो, आणि गावं राहिली खाली, खाडीकाठी. त्यामुळे कोकणात स्टेशन एकीकडे आणि बाजारपेठ दुसरीकडे हे चित्र जागोजागी दिसतं. आमचंही तसंच. स्थानकापासून बाजारपेठेपर्यंत सहा किलोमीटरचा अरुंद, वळणांचा रस्ता. वाटेत कॉलेज, ग्रामीण रुग्णालय, आणि बाजारपेठेच्या पुढे जेटी.

हे सहा किलोमीटर म्हणजे रोजची कटकट. गाडी आली की रिक्षा पळतात, मागे राहतो तो ताटकळतो. एसटी असते, पण तिची वेळ आणि गाडीची वेळ जुळली तर ते नशीब. एरवी हे चालून जातं. गणपतीत मात्र चाकरमानी उतरतात तेव्हा स्थानकाचं आवार म्हणजे जत्रा, आणि बहुतेक वेळा वरून पाऊस.

अशात एका कंपनीने नगरपंचायतीपुढे सादरीकरण केलं: खांबांवरच्या मार्गिकेवरून धावणाऱ्या, चालक नसलेल्या, सहा आसनांच्या छोट्या गाड्या. पॉड टॅक्सी. स्थानक ते जेटी, मध्ये तीन थांबे, एकूण चाळीस गाड्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०२४ साली अशाच प्रकल्पाला मंजुरी दिली होती. वांद्रे आणि कुर्ला स्थानकांना जोडणारा सुमारे ८.८ किलोमीटरचा मार्ग, सहा माणसांची गाडी, ताशी ४० किलोमीटर कमाल वेग. मुंबईत होतंय तर आपल्याकडे का नको, हा सूर सभागृहात लगेच उमटला. त्यात गैर काही नव्हतं. आमच्या गावाने चांगल्या सोयीची स्वप्नं बघूच नयेत असं मला कधी वाटलं नाही.

अडचण

सादरीकरणातला एक आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. पॉडची मार्गिका एका दिशेने तासाला ७,२०० माणसं नेऊ शकते, आणि तुमची रेल्वे तासाला दीड हजारच्या आसपास. म्हणजे रेल्वेच्या जवळपास पाचपट.

पहिल्यांदा मला हे खोटंच वाटलं. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि गणित तपासलं, तर बरोबर निघालं. खरी अडचण इथेच होती. आकडा चुकीचा असता तर एका बैठकीत विषय संपला असता.

रेल्वेचं आधी बघू. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते. अशा मार्गाची क्षमता काढायला भारतीय रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात: दिवसाची १,४४० मिनिटं भागिले एक सेक्शन, म्हणजे दोन स्थानकांमधला टप्पा, पार करायचा वेळ आणि लाइन क्लियर (पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी) वगैरे कामांचा वेळ यांची बेरीज, आणि आलेल्या उत्तराला ०.७ ने गुणायचं. धावायला १२ मिनिटं आणि बाकी कामांना ५ धरली तर दिवसाला ५९ गाड्या येतात, दोन्ही दिशा मिळून. म्हणजे एका दिशेने तासाला एकाहून थोडी जास्त, त्यातच मालगाड्याही. बावीस डब्यांच्या एलएचबी (नव्या धाटणीच्या डब्यांच्या) गाडीत स्लीपरला ८०, जनरलला १००, थ्री एसीला ७२ असं धरत गेलं की आसनं चौदाशे-पंधराशेच्या घरात जातात. तासाला दीड हजार. कंपनीने आमची रेल्वे कमी दाखवली नव्हती.

हेच रूळ, हीच चाकं मुंबईत काय करतात ते आमच्या चाकरमान्यांना सांगायला नको. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांवर माणसं असतात. चार मिनिटांनी एक धरली तरी तासाला १५ गाड्या, म्हणजे साडेसदुसष्ट हजार माणसं. तेव्हा ‘रेल्वेची क्षमता’ असा एकच आकडा नसतोच. दोन गाड्यांत किती अंतर ठेवता, यावर सगळं ठरतं.

पॉडचंही अंतरावरच ठरतं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोरची गाडी जागच्या जागी थिजली तरी मागची तिला न धडकता थांबली पाहिजे, हा सुरक्षेचा जुना दंडक. कोरड्या मार्गिकेवर जोरात ब्रेक लागला तर थांबायला साधारण २५ मीटर लागतात, यंत्रणेला कळेपर्यंत अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर जातात, आणि गाडीची लांबी साडेतीन मीटर. एकूण ३४ मीटर, म्हणजे दोन गाड्यांत तीन सेकंद. तासाला १,२०० गाड्या गुणिले सहा, बरोबर ७,२००.

हे गणित आषाढातल्या ओल्या मार्गिकेवर केलं की ब्रेकचं बळ घटतं, अंतर ५० मीटरवर जातं, गाड्या तासाला ८०० होतात. कोकण रेल्वेवर दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्यांचा वेग उतरतो. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ पावसाळ्यात झालेले अपघात ज्यांनी ऐकले-पाहिले, त्यांना हा वेग का उतरतो हे सांगावं लागत नाही. पॉडच्या आकड्याला मात्र पावसाळी वेळापत्रक कुणी जोडलं नव्हतं.

तरीही ८०० गुणिले सहा म्हणजे ४,८००, रेल्वेच्या तिप्पट. आकडा कापूनही प्रश्न सुटत नव्हता, आणि समितीतले दोघे तर ठराव मांडायला तयार होते.

प्रश्न बदलला तो क्षण

तिसऱ्या बैठकीला आम्ही रिक्षा संघटनेचे प्रतिनिधी आणि स्थानकावरून मासळीच्या पाट्या नेणाऱ्या दोन बायकांना बोलावलं. त्यांना बोलवायचं की नाही यावरही चर्चा झाली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही तासाला किती, तासाला किती असं करत होतो. त्यातल्या वयाने मोठ्या बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “माझो नंबर कितक्या वेळान लागतलो, तां सांगा.”

मी पस्तीस वर्षं प्लॅटफॉर्मवर काढली आणि हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता. रेल्वे तासाला दीड हजार माणसं आणते हे खरं, पण ती तासभर थेंबथेंब आणत नाही. दोन मिनिटांच्या थांब्यात जेवढी उतरायची तेवढी एकदम उतरतात. त्यात एकेरी मार्गाची एक खास गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही: आमच्या स्थानकावर क्रॉसिंग पडतं. एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबते, समोरून दुसरी येते. म्हणजे दिवसभर शांतता, आणि मग दोन्ही बाजूंच्या गाड्यांची माणसं एकाच वेळी आवारात. सरासरी काढली की ही गर्दी कागदावरून पुसली जाते.

मग पॉडची क्षमता मार्गिकेवर मोजून उपयोग नाही. ती मोजायची माणूस गाडीत चढतो तिथे.

नवं गणित

कॉलेजच्या मुलांनी आठ दिवस स्थानकाच्या फाटकावर मोजणी केली. किती उतरले, किती जणांचा गट, सामान किती. साध्या दिवशी एका गाडीतून शे-सव्वाशे माणसं आमच्या गावाकडे वळत होती. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत चारशेच्या आसपास. गट बहुतेक दोघा-तिघांचे. सहा आसनांच्या गाडीत सहाच माणसं बसतील असं मोजणारा माणूस चाकरमान्याच्या बॅगा कधी उचलायला गेलेला नसावा. चार जणांचं कुटुंब, चार बॅगा, एक खोकं, मखराचं सामान: पॉड भरला. अनोळखी माणसांनी मिळून बसावं म्हटलं तर एकाला रुग्णालयाकडे उतरायचं, दुसऱ्याला जेटीवर. आम्ही गाडीमागे सरासरी तीन माणसं धरली, आणि मला वाटतं ती उदारच होती.

आता फेरीचं बघा. थांबे धरून सरासरी ताशी ३० किलोमीटरने बाजारपेठेपर्यंतच्या सहा किलोमीटरला १२ मिनिटं, परतीची १२, चढउताराची दोन. २६ मिनिटांनी तीच गाडी पुन्हा स्थानकावर, आणि गर्दीच्या वेळी परत येते ती रिकामी. चाळीस गाड्या गुणिले तीन माणसं म्हणजे एका लाटेत १२० माणसं. सगळ्या गाड्या आधीच स्थानकावर आणून उभ्या केल्या होत्या असं धरलं, तरी सहा फलाटांवरून मिनिटाला सहा याप्रमाणे त्या बाहेर पडायला सात मिनिटं.

साध्या दिवशी हे उत्तम आहे. शे-सव्वाशेतली जवळपास सगळी माणसं सात-आठ मिनिटांत रस्त्याला लागली. आज तसं होत नाही, हे मान्य करायलाच हवं.

गणपतीत चारशे माणसं म्हणजे १३४ पॉड. पहिली लाट लगेच, दुसरी २६ मिनिटांनी, तिसरी ५२, चौथी ७८. शेवटचा माणूस निघणार सुमारे ऐंशी मिनिटांनी. सहा किलोमीटर चालायला सव्वा तास लागतो.

हे मी फळ्यावर मांडलं तेव्हा रिक्षा संघटनेचे प्रतिनिधी म्हणाले, “मास्तरांनू, म्हणजे आमचेच चाळीस रिक्षे खांबार चढवल्यानी, नाय?” रिक्षातही तीनच माणसं, वेगही साधारण तोच. मार्गिकेवरची ७,२०० ची क्षमता खोटी नव्हती. ती वापरायला लागणाऱ्या गाड्या आणि फलाट प्रस्तावात नव्हते.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय चाळीसऐवजी दीडशे पॉड घेण्याचा. मग गणपतीची गर्दीही एका लाटेत निघते. पण या गाड्या उभ्या कुठे करायच्या, चार्ज कुठे करायच्या, आणि उरलेले साडेतीनशे दिवस त्यांनी काय करायचं? शिवाय सहा फलाटांतून १३४ गाड्या सुटायला बावीस मिनिटं, सामान चढवताना फलाट अडला की आणखी जास्त. समितीने हा लवकर बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय मोठ्या स्वयंचलित गाड्यांचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनला १९७५ पासून अशी व्यवस्था चालते: पाच स्थानकं, सुमारे १४ किलोमीटर मार्ग, सत्तरएक गाड्या, प्रत्येकीत वीस-एकवीस माणसं, बरीचशी उभी. विद्यापीठाच्या मुलांसाठी ती आहे. तिथे एरवी बटण दाबलं की गाडी मिळते, पण तास सुटायच्या गर्दीत ती ठरलेल्या वेळापत्रकाने चालवतात. मला हे फार मोलाचं वाटलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून टर्मिनल पाच आणि गाडीतळ यांच्यामध्ये चार जणांचे २१ पॉड चालतात, मार्ग ३.८ किलोमीटर. तिथे ते जमतं, कारण गाडी लावून माणसं दिवसभर एकेक-दोनदोन करत येतात. आमच्या स्थानकाची तऱ्हा हीथ्रोच्या गाडीतळासारखी नाही. ती तास सुटलेल्या कॉलेजासारखी आहे. वीस माणसांच्या वीस गाड्या असत्या तर आमचे चारशे एका लाटेत गेले असते. पण वजनदार गाडीला दणकट खांब, त्यावर खारी हवा, दरवर्षीची गंज-रंगरंगोटी, आणि हे सगळं छोट्या नगरपंचायतीच्या तिजोरीतून.

तिसरा पर्याय रस्त्यावरचाच. रेल्वेच्या वेळेशी बांधलेल्या एसटी, आवाराची नवी मांडणी, रिक्षांची रांग. एका बसमध्ये बसून-उभी साठ माणसं धरली तर सहा बस म्हणजे ३६०. उरलेल्या चाळिसांना चौदा रिक्षा.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा, आणि त्यालाही मतं होती.

काय केलं

आम्ही पॉडला थेट नकार दिला नाही. कंपनीला चार प्रश्न लिहून पाठवले: प्रत्यक्ष बसणारी सरासरी माणसं किती धरलीत, स्थानकावर फलाट किती आणि एका गाडीला तिथे किती सेकंद, रिकाम्या परतफेऱ्या हिशेबात आहेत का, आणि चारशे माणसं एकदम उतरली तर शेवटचा माणूस कधी निघेल. उत्तर आलं त्यात ७,२०० चा आकडा नव्हता. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी अधिक गाड्या घेण्याचा सल्ला दिला होता.

मग तिसरा पर्याय घेतला. आवारातलं फाटक रुंद केलं, एसटी उभ्या राहायची जागा फाटकाजवळ आणली, पत्र्याचा लांब मंडप टाकला. रिक्षावाल्यांनी रांग स्वतः ठरवली, आणि ती पाळलीही. गणपतीसाठी आगाराने सहा बस दिल्या, एरवी दोन गाड्यांना एकेक बस जोडून दिली.

काय झालं

गणपतीच्या पहिल्या रात्री अर्ध्या तासाच्या आत आवार रिकामं झालं. मी मंडपाखाली उभा होतो. भिजलेली पोरं बसच्या खिडकीतून हात दाखवत गेली, आणि मला नोकरीतल्या चांगल्या दिवसांची आठवण झाली.

दुसऱ्या रात्री गाडी तीन तासांहून जास्त उशिरा आली. बसच्या चालकांची ड्युटी संपली होती, बस आगारात परतल्या होत्या. रिक्षावाले दोन वाजेपर्यंत थांबले, मग तेही गेले. अडीचच्या पुढे माणसं उतरली तेव्हा आवारात मोजून पाच रिक्षा. काही जण चालत निघाले, काहींनी मंडपात पथाऱ्या टाकल्या. एक बाई तान्हं मूल घेऊन पहाटेपर्यंत तिकीट खिडकीशेजारी बसून होती.

त्या रात्री चाळीस पॉड असते तर ऐंशी मिनिटांत सगळे घरी पोचायला निघाले असते. पॉडला चालक नाही, ड्युटीचे तास नाहीत. गाडी तीन वाजता आली काय आणि तेरा वाजता काय. आमच्या तुलनेत हा रकानाच नव्हता. आम्ही किती माणसं यावर महिनाभर बोललो आणि कोणत्या वेळी हे विचारलंच नाही. आणि मी तर या मार्गावर गाड्या किती उशिरा धावतात हे रोज वहीत लिहिणारा माणूस.

आज करायचं असतं तर

मोजणी उतरणाऱ्यांचीच केली, परतीची नाही. आंब्याच्या हंगामात पेट्या घेऊन स्थानकाकडे जाणारे लोक गाडीच्या तासभर आधी थोडे थोडे येतात. ही सावकाश गर्दी, आणि तिला छोट्या गाड्या छान जमतात. ती मोजली असती तर पॉडच्या बाजूने निदान एक खरा मुद्दा कागदावर आला असता.

बस सोडायची वेळ घड्याळाशी बांधली हीही चूकच. ती गाडीशी बांधायला हवी होती. पुढच्या वर्षी आधीच्या मोठ्या स्थानकावरून गाडी सुटली की आगाराच्या नियंत्रकाला फोन, आणि दोन चालक उशिराच्या पाळीला, असं ठरलं. त्याने बराच फरक पडला, पण मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचं घोंगडं अजून भिजतच आहे. पॉडच्या विचारातून रात्रीपुरत्या, स्थानक ते रुग्णालय नाक्यापर्यंतच्या दोन-चार छोट्या गाड्यांचा विषय वेगळा काढता आला असता. आम्ही सगळं किंवा काहीच नाही असा विचार केला.

मासळीवाल्या बाईंना तिसऱ्या बैठकीत बोलावलं, त्यांना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं. दोन महिने वाचले असते.

येत्या गणपतीत मुलं परतीच्या गाड्यांचीही मोजणी करणार आहेत, रात्री दहा ते पहाटे पाच. वहीत या वेळी एक नवा रकाना आखला आहे: शेवटचा माणूस आवारातून किती वाजता बाहेर पडला.